जनुक असणे आणि जनुक बोलणे

माझ्या मामांचे एक मूत्रपिंड कर्करोगामुळे काढावे लागले. घरातला पहिला पदवीधर म्हणून कागदांची पिशवी माझ्याकडे आली. मामींनी विचारले, "बाबा, तू शिकलास. सांग, हे परत येईल का? का आपल्या रक्तातच असंल?" मी मराठी शिकवतो, तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे वाचून जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम दुसरा प्रश्न. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. तरीही मूत्रपिंड रक्त गाळते आणि डोळा पाहतो. कारण प्रत्येक ठिकाणी निरनिराळी जनुके कामाला लागलेली असतात. काम करणारे जनुक आपल्या आरएनए प्रती काढते. त्या प्रती मोजणे म्हणजे जनुकाची अभिव्यक्ती मोजणे. ही जन्मपत्रिका नव्हे; त्या गाठीत त्या वेळी काय चालले होते, त्याचा हा हिशेब आहे. मूत्रपिंडाच्या सर्वांत आढळणाऱ्या कर्करोगात व्हीएचएल नावाचे जनुक बहुधा निकामी झालेले असते. पण थोडी कुटुंबे सोडली तर हा बिघाड वारशाने येत नाही, आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीत घडतो. जन्मावरून माणसाचे भवितव्य ठरविणाऱ्या आपल्या समाजात हा फरक ठासून सांगितला पाहिजे.

आता पहिला प्रश्न. गाठीचा आकार, तिचा पसारा आणि पेशींचे रूप यांवरून डॉक्टर धोका ठरवितात. परंतु एकाच टप्प्यातील दोन रुग्णांपैकी एकाचा रोग फुप्फुसात पसरतो, दुसऱ्याचा पसरत नाही. असे का? ब्रायन रिनी व सहकाऱ्यांनी 2015 साली यावर संशोधन प्रसिद्ध केले. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमधील 942 रुग्णांच्या, मेणात जतन केलेल्या गाठींत त्यांनी 732 जनुके तपासली. त्यांतून 11 निवडली आणि मोजमापाला आधार म्हणून 5 जोडली. रक्तवाहिन्यांची व प्रतिकारशक्तीची जनुके जेथे जोरात होती, तेथे रोग परतण्याचे प्रमाण कमी. पेशीविभाजनाची व दाहाची जोरात होती, तेथे जास्त. फ्रान्समधील 626 रुग्णांवर हा गुणांक पडताळला, तेव्हा नेहमीच्या निकषांपेक्षा अधिक माहिती त्यातून मिळाली.

म्हणून हा निवाडा मानायचा का? नाही. 2012 साली लंडनच्या संशोधकांनी एकाच गाठीचे निरनिराळ्या जागांचे तुकडे तपासले. एका तुकड्यात बऱ्या भवितव्याची खूण, तर दुसऱ्यात वाईटाची! एका घरावरून सारा गाव ओळखू नये. शिवाय गुणांक संभव सांगतो, एका माणसाचे नशीब नव्हे. शस्त्रक्रियेनंतर रोग परतू नये म्हणून पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली. त्यामागील चाचणीतही रुग्ण निवडले ते टप्पा व पेशींचे रूप पाहूनच. आणि क्लीव्हलंड-फ्रान्सच्या रुग्णांवर घडविलेले माप आपल्या माणसांना लावण्यापूर्वी ते आपल्या माणसांवर पडताळले पाहिजे, ही मागणी विज्ञानाचीच आहे.

मामींना मी एवढेच सांगितले : हे कुळाचे नाही, कोणाच्या कर्माचेही नाही. परत येईल की नाही हे आज कोणीच खात्रीने सांगणार नाही. म्हणून ठरलेल्या तारखेची तपासणी चुकवायची नाही. पुढची तारीख त्यांनी कॅलेंडरवर माझ्याकडून लिहून घेतली.