दख्खनी तलवार कुठली? गैरसमज आणि वस्तुस्थिती

दख्खनमधल्या जुन्या तलवारीला बहुधा एकच जन्मगाव नसते. पोलाद एका मुलखात तयार झालेले, पाते दुसरीकडे घडवलेले, मूठ तिसऱ्या ठिकाणी बसवलेली आणि धनी चौथ्याच गावचा, असा प्रकार सर्रास आढळतो. नांदेड-लातूरकडच्या वाड्यांमध्ये जपलेल्या तलवारींविषयी जे ठाम दावे ऐकू येतात, त्यांतले बरेचसे या चार प्रश्नांना एकच उत्तर दिल्यामुळे चुकतात.

सर्वांत पसरलेला समज असा, की पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, म्हणजे जौहर, दिसली की तलवार दमास्कसची. दमास्कस ही मोठी बाजारपेठ होती आणि तिचे नाव या पात्यांना चिकटले. पोलाद मात्र दूरदूरच्या भट्ट्यांमधून येई. त्यांपैकी एक नावाजलेले ठिकाण नांदेडच्या पूर्वेला, गोदावरीच्या खालच्या अंगाला आहे. ते म्हणजे आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम. निजामाच्या राज्यात नांदेड आणि हा मुलूख शेजारी होते. हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूवैज्ञानिकाने तेथील पोलादनिर्मितीचे वर्णन लिहून ठेवले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये, छापले गेले. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे लोखंड एकत्र करून मातीच्या बंद मुशीत वितळवायचे आणि तयार झालेली वडी सावकाश निववायची, अशी ती रीत होती. त्या वड्या विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी इतक्या लांब येत. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशानेही इराणी तलवारींसाठी गोवळकोंड्याहून पोलाद जात असल्याची नोंद केली आहे. इस्फहानला घडलेल्या पात्याचा कच्चा माल गोदावरीकाठचा असू शकतो, तो असा.

यावरून जौहर असलेले प्रत्येक पाते भारतीय पोलादाचेच, असा उलटा निष्कर्ष काढणेही तितकेच चुकीचे. मुशीतल्या पोलादाचे अवशेष तुर्कमेनिस्तानातील मर्व्ह, उझबेकिस्तानातील अख्सिकेत आणि श्रीलंका येथेही सापडले आहेत. तेलंगणातील भट्ट्यांच्या जागांची बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि एक्सेटर विद्यापीठ यांनी २०१० मध्ये पाहणी केली. अशा पाहण्या जितक्या वाढतील तितके हे चित्र नेमके होत जाईल.

जौहर आणि जपानी कताना तलवारीवरची नक्षी एकच, हाही एक गैरसमज. जपानी लोहार तामाहागाने हे पोलाद तापवून पुन्हा पुन्हा दुमडतो. तेथील रेषा त्या घड्यांच्या असतात. जौहर घड्यांनी होत नाही. मुशीतली वडी निवताना आणि पुढे बेताच्या उष्णतेवर ठोकताना कार्बनयुक्त कठीण कण ओळींनी जमतात, त्यांतून ते उमटते. लोखंडातील व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंशही त्याला कारणीभूत ठरतो, हे १९९० च्या दशकातील प्रयोगांतून दिसले. पोलाद कोणत्या खाणीतल्या लोखंडाचे हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

मराठ्यांची तलवार म्हणजे सर्वस्वी देशी, हा समज भावनेने जवळचा असला तरी पुराव्याला टिकत नाही. युरोपातून समुद्रमार्गे आलेली लांब, सरळ पाती मराठ्यांना पसंत होती. अशा तलवारीला फिरंग म्हणत. त्यात कमीपणा काही नाही. उत्तम पाते पारखून त्याला आपल्या युद्धपद्धतीची मूठ बसवणे हे जाणकारीचेच लक्षण आहे. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात मिळवलेली नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार याचा उत्तम दाखला. तिचे पाते युरोपीय, मूठ मराठा धाटणीची, आणि पात्यावर सोन्याने कोरलेल्या देवनागरी लेखात रघूजींच्या नावाबरोबर 'फिरंग' हा शब्दही आहे. मालकाने पात्याचे परकेपण लपवले नाही, उलट सोन्यात मिरवले.

पात्यावरील छाप मात्र पुरावा म्हणून जपून वापरावा लागतो. पासाउचा धावता लांडगा जर्मनीतल्याच झोलिंगेनच्या कारागिरांनी उचलला, आंद्रेआ फेरारा हे इटालियन नाव इतरांनी घातले, आणि जेनोव्हाच्या कोयत्यासारख्या खुणा भारतातही नकलल्या गेल्या. मूठही पात्याचे मूळ सांगत नाही. आपल्याकडे पात्याचे शेपूट मुठीत घालून राळेने पक्के करीत. ते गरम करून सोडवता येई, त्यामुळे जुन्या पात्याला नवी मूठ बसवणे सोपे होते.

लंडनच्या राजसंग्रहातली तलवार हीच छत्रपती शिवाजी महाराजांची भवानी, हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. मुख्यमंत्री असताना अ. र. अंतुले यांनी भवानी तलवार परत आणण्याची घोषणा केल्यावर ते घरोघरी पोचले. ती तलवार १८७५-७६ च्या भारतभेटीत कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून प्रिन्स ऑफ वेल्सला मिळाली होती, आणि अभ्यासक तिला जगदंबा म्हणून ओळखतात. तिचेही पाते युरोपीय असून त्यावर येशूच्या नावाची संक्षिप्त अक्षरे आहेत. तुळजापूरच्या देवीने छत्रपती शिवाजी महाराजांना तलवार दिली, ही श्रद्धा या चर्चेने बाधित होत नाही. पाते कुठे घडले आणि कोणाच्या हाती पावन झाले हे वेगळे प्रश्न आहेत. नांदेडच्या हजूर साहिबमध्ये जतन केलेल्या शस्त्रांचे महत्त्वही १७०८ मध्ये येथे देह ठेवलेल्या गुरू गोबिंदसिंगांशी असलेल्या नात्यात आहे, लोहाराच्या गावात नाही.

तलवार जिथे मिळाली तिथलीच, हा शेवटचा गैरसमज. उदगीर आणि औसा हे किल्ले १६३६ मध्ये मोगलांनी घेतले. १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. अशा मुलखात शस्त्रे लुटीत, इनामात, आंदणात हिंडत राहिली. त्यामुळे पात्याची धातुपरीक्षा, मुठीची घडण, लेखाची अक्षरे आणि घराण्याची कागदपत्रे यांचा मेळ घालूनच मत द्यावे लागते. दसऱ्याच्या पूजेआधी जुने पाते पॉलिश कागदाने चकचकीत करण्याची सवय येथे फार घात करते. घासल्याने जौहर दिसेनासे होते, आणि उथळ छाप व सोन्याची अक्षरे एकदा गेली की परत मिळत नाहीत.