मण्यांना रांगेत बसवताना

तुरीच्या डाळीत लाखोळी मिसळलेली असली की नुसत्या नजरेला ती सापडणं कठीण. अकोला हे डाळमिलांचं गाव. जुने शहरातल्या दुकानातली पुडी तपासायला गेली, तर शोधायचं असतं ‘ओडॅप’ हे विष. १९६४ मध्ये बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ते लाखोळीतून वेगळं काढलं. त्याची रूपं दोन, अल्फा आणि बीटा. घातक मानतात ते बीटा. रंगावरून मोजण्याची जुनी पद्धत दोघांची बेरीजच सांगते. त्यांची फारकत करायला कॉलम लागतो.

नेहमीचा कॉलम म्हणजे पोलादी नळी, आत तीन ते पाच मायक्रॉनचे सिलिकाचे मणी ठासलेले. दाबाने द्रव सोडला की मण्यांना जास्त चिकटणारा रेणू मागे राहतो. पण मणी बसतात कसेही. असदगडापासून राजराजेश्वर मंदिराकडे माणसांचा जथा निघाला आणि जो तो दिसेल त्या बोळात शिरला, तर सारख्या चालीची माणसंही मागेपुढे पोचतील. सारखे रेणूही असेच पांगतात, आलेखावरचं शिखर रुंदावतं आणि शेजारच्यात मिसळतं. १९५६ च्या व्हॅन डीम्टर समीकरणातलं पहिलं पद याच पांगण्याचं आहे.

मग बोळ आखूनच का काढू नयेत? १९९८ मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ रेग्निए यांच्या गटाने तेच केलं. पुढे ब्रुसेल्सच्या गेर्ट डेस्मेट यांनी ती वाट पक्की केली. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने नक्षी उमटवायची, मधला भाग प्लाझ्माने कोरून काढायचा. उरतात ते खांब. बाजारात आलेल्या एका कॉलमात खांब ५ मायक्रॉन जाड, १८ मायक्रॉन उंच, मधली फट २.५ मायक्रॉन. वाट मोकळी, म्हणून दाब कमी लागतो आणि लांबी दोन मीटरपर्यंत नेता येते.

खरी कसोटी मात्र कडेला. शेवटचा खांब आणि भिंत यांतलं अंतर जरा चुकलं की तिथला द्रव पुढे पळतो किंवा रेंगाळतो, आणि मधल्या सगळ्या शिस्तीवर पाणी पडतं. दोन मीटरची वाट सिलिकॉनच्या चिपवर मावायची तर घड्या घालाव्याच लागतात. वळणावर बाहेरची बाजू लांब, आतली आखूड. म्हणून वळणाआधी वाट अरुंद करतात आणि पुढे प्रवाह पुन्हा रुंदीभर सारखा वाटतात. माझ्या मते आरेखनाची निम्मी अक्कल इथेच खर्च होते.

खांबांचं एक उणं आहे. पृष्ठभाग सच्छिद्र केला तरी चिकटायला जागा थोडीच, त्यामुळे नमुना अगदी कणभर चालतो. म्हणून डेस्मेट यांच्या गटाने सिलिकॉनमध्ये खळगे कोरून खरेखुरे सच्छिद्र मणी कोरडेच घासून त्यांत बसवायला घेतले. इथे प्रत्येक मणी एकाच मापाचा हवा; मोठा खळग्यात शिरत नाही, लहान डुगडुगतो.

लाखोळीसाठी एवढा खटाटोप नको, साधी नळी पुरते. डाळ मूठभर मिळतेच. ही चिप कामाची त्यांना, ज्यांच्या हाती एका पेशीतली प्रथिनं तेवढी असतात आणि वेगळे करायचे तुकडे हजारो.