फुरसुंगीचा बनेश

भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनात शिकायचा. अंगाने काडीपैलवान, पण सायकलवर बसला की वारा! आमच्या तालुक्याच्या वाचनालयात त्याची पुस्तकं फळीवर टिकायची नाहीत. आम्ही पोरी नंबर लावून बसायचो. मला तो आवडायचा, कारण तो राजपुत्र नव्हता. तो नीट बघायचा, प्रश्न विचारायचा आणि मग धावायचा. आज बँकेत काम करताना न जुळणाऱ्या आकड्याचा पिच्छा पुरवायची माझी सवय त्याच्याकडूनच आली, असं मला मनापासून वाटतं. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही मराठीत आणल्या. गाव न सोडलेल्या आम्ही त्यातून चंद्रापर्यंत जाऊन आलो. फास्टर फेणेवरच्या २०१७च्या सिनेमात तो मोठा झालेला दिसतो. तो सिनेमा मुलांना जरूर दाखवा, पण आधी पुस्तक हातात द्या.