परतीची हमी कोणाला? ब्रिटन, पूर्व आफ्रिका आणि भारतीय

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केनियात बाहेरून आलेल्या लोकांचे तीन वर्ग ठळकपणे दिसत होते: जमीन घेऊन वसलेले गोरे शेतकरी, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर आलेले ब्रिटिश अधिकारी, आणि रेल्वे, दुकानदारी, कारकुनी किंवा वकिलीच्या निमित्ताने आलेले भारतीय. तिन्ही वर्ग घर सोडूनच आले होते. मात्र आफ्रिकेतील मुक्काम संपल्यावर कोणाला सन्मानाने परतता येईल आणि कोणाला विमानतळावर अडवले जाईल, याचा निर्णय वेळोवेळी लंडनमध्ये झाला. या स्थलांतराचा खरा इतिहास जाण्यापेक्षा परत येण्याच्या हमीत शोधावा लागतो.

मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली आणि त्यासाठी सुमारे ३२,००० मजूर भारतातून, मुख्यतः पंजाबातून, नेण्यात आले. या रेल्वेवर झालेला खर्च भरून निघावा म्हणून ब्रिटिश शेतकऱ्यांना तेथे वसण्याचे आवाहन करण्यात आले आणि थंड हवेचा, सुपीक उंच प्रदेश व्यवहारात गोऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आला. रेल्वे ज्यांच्या श्रमांवर उभी राहिली त्या समाजाला तेथे शेतजमीन घेता येत नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, निवृत्त ब्रिटिश सैनिकांसाठी जमीनवाटपाची खास योजना आखली गेली. वसाहतमंत्री डेव्हनशायर यांच्या १९२३ च्या श्वेतपत्रिकेने मूळ आफ्रिकी रहिवाशांचे हित सर्वोपरी असल्याचे जाहीर केले, पण उंच प्रदेशावरील राखीवपणा तिने उठवला नाही. पुढे स्वातंत्र्य जवळ आल्यावर, १९६२ मध्ये, सुमारे दहा लाख एकर जमीन गोऱ्या मालकांकडून विकत घेऊन आफ्रिकी शेतकऱ्यांना देण्याची योजना सुरू झाली. तिला मुख्यत्वे ब्रिटनच्या कर्जाचा आणि अनुदानाचा आधार होता. ज्यांना निघायचे होते त्यांना अशा रीतीने जमिनीचे मोल घेऊन निघता आले.

अधिकाऱ्यांची व्यवस्था याहून पक्की होती. दोन-तीन वर्षांची एक फेरी, त्यानंतर मायदेशी जाण्यासाठी भरपगारी रजा, जहाजाचे भाडे सरकारकडून आणि शेवटी निवृत्तिवेतन, असा हा क्रम असे. पगारही वंशानुसार ठरत असे. होम्स आयोगाने १९४८ मध्ये आशियाई कर्मचाऱ्यांना युरोपीय वेतनाच्या तीन-पंचमांश वेतन देण्याचे तत्त्व कायम ठेवले. १९५४ च्या लिडबरी आयोगाने वांशिक वेतनश्रेणी बंद करण्याची शिफारस केली, परंतु बाहेरून भरती झालेल्यांना वेगळा भत्ता देण्याची सोय ठेवली. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्यावर अनुभवी अधिकारी एकदम निघून जाऊ नयेत म्हणून १९६१ पासून अशा भत्त्याचा भार ब्रिटिश सरकारने स्वतः उचलला.

याच सरकारी कचेऱ्यांतील कारकुनी बव्हंशी गोमंतकीयांच्या हाती होती, आणि त्यांची कागदोपत्री स्थिती तर आणखी विचित्र होती, कारण १९६१ पर्यंत गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालचा प्रजाजन मानला जाई. तरीही या समाजातून आफ्रिकेला आपला देश मानणारी माणसे निघाली. नैरोबीत जन्मलेले पिओ गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि १९६५ मध्ये त्यांची हत्या झाली. गोमंतकीय वडील आणि मसाई आई यांचे पुत्र जोसेफ मुरुंबी यांनी विजनवासातील वर्षे लंडनमध्ये काढली आणि १९६६ मध्ये ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.

औंध संस्थानच्या राजघराण्यातील, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले आणि लंडनमध्ये बॅरिस्टर झालेले आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस गेले. भारतीयांनी आफ्रिकी जनतेच्या आकांक्षांशी एकरूप व्हावे, या नेहरूंच्या धोरणाचा त्यांनी पुरस्कार केला, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून देण्यास मदत केली आणि त्यामुळे वसाहती सरकारची नाराजी ओढवून घेतली. १९५४ मध्ये त्यांचा तेथील कार्यकाळ संपला. पुढे १९६९ ते १९७२ या काळात ते लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते, आणि नेमक्या याच काळात पूर्व आफ्रिकेतील भारतीयांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न दोन्ही देशांपुढे उभा होता.

या प्रश्नाचे मूळ पारपत्रात होते. १९४८ च्या ब्रिटिश कायद्याने ‘युनायटेड किंगडम आणि वसाहतींचे नागरिक’ असा एकच दर्जा निर्माण केला होता. केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाल्यावर स्थानिक नागरिकत्वासाठी अर्ज करण्यास दोन वर्षांची मुदत मिळाली, परंतु अनेक भारतीयांनी ब्रिटिश पारपत्र अधिक भरवशाचे मानले. १९६७ च्या कायद्यामुळे बिगर-नागरिकांना केनियात कामाचे परवाने घेणे भाग पडले आणि ही कुटुंबे लंडनकडे निघाली, तेव्हा ब्रिटिश संसदेने अवघ्या तीन दिवसांत १ मार्च १९६८ चा कायदा संमत केला. स्वतःचा किंवा आई-वडील वा आजी-आजोबांपैकी कोणाचा ब्रिटनशी जन्माचा किंवा नोंदणीचा संबंध नसेल, तर ब्रिटिश पारपत्र हाती असूनही प्रवेशाचा हक्क राहिला नाही. वर्षाला केवळ १,५०० कुटुंबप्रमुखांना परवाने देण्याचे ठरले. गोऱ्या वसाहतवाल्यांचे नातू त्यातून आपोआप सुटले.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीन यांनी युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास फर्मावले, तेव्हा एडवर्ड हीथ यांच्या सरकारने सुमारे २८,००० जणांना आश्रय दिला, तर लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन आपल्या शहरात येऊ नका, असे कळवले. युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७३ मध्ये १९६८ चा कायदा वांशिक भेदभाव करणारा आणि मानहानिकारक ठरवला. तरीही दुसरे कोणतेच नागरिकत्व नसलेल्या उरलेल्या लोकांना पूर्ण ब्रिटिश नागरिक म्हणून नोंद करून घेण्याचा हक्क मिळण्यासाठी २००२ चा कायदा यावा लागला.

अधिकाऱ्याला लाभलेली सुरक्षितता त्याच्या शौर्यामुळे आली नव्हती, आणि दुकानदाराची परवड त्याच्या चुकीमुळे झाली नव्हती. परतीचा हक्क एकाच्या बाबतीत लेखी करार होता आणि दुसऱ्याच्या बाबतीत सरकारची मर्जी. आज लंडन किंवा पुण्याहून नैरोबी, दार-ए-सलाम, लागोस येथे नोकरीसाठी निघणाऱ्या मराठी कुटुंबांनी पगाराचा आकडा आणि घराची सोय यांच्या आधी कामाच्या परवान्याची मुदत, मुलांचे नागरिकत्व आणि परतीचा कायदेशीर हक्क हे तिन्ही तपासून पाहावेत.