एक्स-शोरूम की ऑन-रोड? गाडीची खरी किंमत ओळखा

गाडी घ्यायचे ठरले की पहिली नजर जाते ती जाहिरातीतील मोठ्या आकड्याकडे. त्याखाली बारीक अक्षरांत ‘एक्स-शोरूम’ असे छापलेले असते. ग्राहक त्या आकड्यावर हिशेब बांधतो आणि शोरूममध्ये त्याच्या हाती लाख-सव्वा लाखाने वाढलेला कागद पडतो. या फरकात देणे भाग असलेला पैसा कोणता आणि नाकारता येणारा कोणता, हे वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून आम्ही हा हिशेब येथे मांडत आहोत.

एक्स-शोरूम किमतीत कंपनीची किंमत, डीलरचा नफा व जीएसटी धरलेला असतो. त्यामुळे जीएसटी पुन्हा वेगळा मागता येत नाही. वाहन कर, नोंदणी व विमा मात्र या किमतीबाहेर राहतात. ते मिळवले की होते ती ‘ऑन-रोड’ किंमत.

समजा, पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ८ लाख रुपये आहे. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर ११ टक्के, म्हणजे ८८ हजार रुपये. डिझेल गाडीला हाच दर १३ टक्के, म्हणजे १ लाख ४ हजार. नोंदणी शुल्क ६०० रुपये. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. हा खर्च टळणारा नाही.

आता टाळता येणारा खर्च पाहू. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही. बाहेर चौकशी करावी. ‘हँडलिंग चार्ज’ हे कोणतेही सरकारी शुल्क नव्हे. सीट कव्हर, मॅटिंग यांचे ‘पॅकेज’ व वाढीव वॉरंटी ऐच्छिक आहेत. एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाडीची सुरक्षा नंबरप्लेट निर्मात्याने गाडीबरोबरच द्यायची असते. गाडी १० लाखांवरची असेल, तर १ टक्का टीसीएस घेतला जातो. तो आयकर विवरणपत्रात आपल्या खाती जमा धरता येतो. त्याचे प्रमाणपत्र विसरू नये.

कर राज्याराज्यांत वेगळा असतो, म्हणून देशभरच्या जाहिरातीत एक्स-शोरूम किंमत देतात, ही सबब एका मर्यादेपर्यंत रास्त आहे. परंतु गावातल्या डीलरला गावचा दर ठाऊक असतो. त्याने एकूण किंमत पहिल्याच दिवशी का सांगू नये?

आमच्या दृष्टीने प्रश्न केवळ लाखभर रुपयांचा नाही. व्याजापासून दूर राहण्यासाठी एखादा भाऊ वर्षानुवर्षे पैसे साठवतो, टोकन भरतो आणि शेवटच्या दिवशी रक्कम कमी पडते. फायनान्सवाला तेथेच बसलेला असतो. घरी सांगून झालेले असते, मागे फिरवत नाही आणि सही होते. जो हप्ता टाळायचा होता, तोच अपुऱ्या आकड्यामुळे गळ्यात पडतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. लोकांना दिसावे म्हणून भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. किमतीतील बारीक अक्षरांनाही हाच न्याय लागू आहे. आपल्यातील जे बांधव गाड्यांच्या व्यवसायात आहेत, त्यांनी एकूण किंमत दर्शनी लावावी. यात नुकसान नाही. विश्वास हेच व्यापाराचे भांडवल आहे.

ग्राहकांनी टोकन देण्यापूर्वी बाबवार लेखी कोटेशन सही-शिक्क्यासह घ्यावे. दोन-तीन डीलरांची तुलना ऑन-रोड किमतीवरच करावी. प्रत्येक रकमेची पावती मागावी आणि कराची पावती कोटेशनशी ताडून पाहावी. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र सही करण्यापूर्वी विचारलेला एक प्रश्न नंतरच्या दहा तक्रारींपेक्षा अधिक उपयोगी पडतो.