वर्गात हात वर का होत नाहीत?

‘समजलं का सगळ्यांना?’ असं शिक्षक विचारतात. वर्ग गप्प. एखाददुसरी मान डोलते. फळा पुसला जातो, पुढचा मुद्दा सुरू होतो. सहामाहीचे पेपर तपासताना मात्र कळतं, की अपूर्णांकांचा भागाकार निम्म्या वर्गाला उमगलेलाच नव्हता. मग मुलं बोलली का नाहीत?

मुलं लाजाळू आहेत, त्यांचं लक्ष नसतं, असं आपण म्हणून टाकतो. पण दर वेळी कारण एकेका मुलाच्या स्वभावात सापडेलच असं नाही. कधीकधी ते मुलांच्या एकत्र बसण्यातच असतं.

बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवलं होतं. थोड्या वेळाने भिंतीतल्या झरोक्यातून धूर येऊ लागला. खोलीत एकट्याने बसलेल्या २४ जणांपैकी १८ जणांनी बाहेर जाऊन हे सांगितलं. पुढच्या वेळी विद्यार्थ्याच्या सोबत दोन जण असे बसवले, की त्यांनी धूर पाहून फक्त खांदे उडवायचे आणि लिहीत राहायचं. आता १० जणांपैकी एकच बाहेर गेला! बाकीचे नऊ जण खोकत, डोळे चोळत, धूर हाताने बाजूला सारत लिहीतच राहिले. तिन्ही विद्यार्थी अनभिज्ञ असलेल्या आठ गटांपैकीही तीनच गटांतून कुणी तक्रार केली.

हे भित्रे होते का? नाही. नंतर विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की ती वाफ असेल असं वाटलं, आग असेल असं वाटलंच नाही. म्हणजे शेजारचा शांत आहे, यावरून त्यांनी परिस्थितीचा अर्थ लावला. गंमत अशी, की तिघेही अनभिज्ञ असतात तेव्हा शेजारचाही आपल्याकडे बघून तेच करत असतो. प्रत्येक जण आतून गोंधळलेला, वरून शांत.

आता पुन्हा वर्गात येऊ. न समजलेली मुलगी आजूबाजूला पाहते. कुणाचाच हात वर नाही. ‘सगळ्यांना कळलंय, मीच ढ आहे,’ असा निष्कर्ष ती काढते आणि गप्प बसते. तिचं गप्प बसणं पाहून मागच्या बाकावरचा मुलगाही तेच ठरवतो. न समजणं ही साधी गोष्ट. पण ‘मीच ढ’ ही समजूत वर्षानुवर्षं सोबत राहू शकते.

यावर उपाय काय? सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत त्याची दिशा सापडते. रेषांची लांबी ओळखताना सगळा गट एकमुखाने चुकीचं उत्तर देई, तेव्हा अनेक जण डोळ्यांना दिसणारं सोडून गटाच्या मागे जात. पण बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तरी अशा चुका सुमारे पाव पटीवर येत. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचं असलं, तरीही त्या बऱ्याच कमी होत.

तेव्हा ‘समजलं का?’ याऐवजी ‘यातली कोणती पायरी अवघड वाटली? चिठ्ठीवर लिहा, नाव नको,’ असं म्हणून पाहू या. मग त्यातल्या चार चिठ्ठ्या मोठ्याने वाचू या. आपण एकटे नाही, हे कळलं की पुढचा हात वर होणं सोपं जातं.