बोलायला काय शिकायचं?

बारावीनंतर मी कोणत्या पदवीला प्रवेश घेतला, हे सांगितलं की घरी येणारा प्रत्येक जण दोनपैकी एक प्रश्न विचारायचा. 'म्हणजे आता टीव्हीवर बातम्या देणार का?' किंवा 'त्यात बोलायला काय शिकायचं? ते तर दोन वर्षांचं पोरही बोलतं!' पहिल्याचं उत्तर सोपं होतं. पत्रकारिता, मास कम्युनिकेशन हा वेगळा अभ्यास. माझी पदवी होती श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा विकारशास्त्राची; इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला बीएएसएलपी म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला समजायला मात्र चार वर्षं लागली.

'आई, पाणी दे.' किती साधं वाक्य! पण ते तोंडातून बाहेर पडण्याआधी मेंदूला शब्द शोधावे लागतात, ते क्रमाने लावावे लागतात आणि फुप्फुसं, स्वरयंत्र, जीभ, ओठ या सगळ्यांना वेळेवर हुकूम द्यावे लागतात. मग हवेतल्या लहरी आईच्या कानाच्या पडद्यावर आदळतात. तीन इवलीशी हाडं ती कंपनं आत पोचवतात, गोगलगाईच्या शंखासारखी कॉक्लिया त्यांचे विद्युतसंदेश करते आणि आईचा मेंदू त्यांचा अर्थ लावतो. ही एक साखळी आहे. तिची कुठलीही कडी निखळली, तरी बाहेरून दिसतं एवढंच, की 'याला बोलता येत नाही'. कोणती कडी निखळली हे ओळखायचं आणि ती सांधायची, किंवा तिच्याशिवाय भागवायची वाट शोधायची, हा या पदवीचा अभ्यास.

म्हणूनच यात शरीररचना असते, ध्वनीचं भौतिकशास्त्र असतं, मानसशास्त्र असतं आणि भाषाशास्त्रही. साधारणपणे विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांना प्रवेश मिळतो, आणि चार वर्षांतलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ साली सुरू झाली, तर आपल्या वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली. २०११च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या सुमारे ५० लाख ७१ हजार आणि वाचादोष असलेल्या सुमारे २० लाख व्यक्तींची नोंद झाली. म्हणजे हा प्रश्न थोडक्यांचा नाही.

आधी ऐकण्याची कडी घेऊ. जन्मतः बहिरं असलेलं मूलही पहिले काही महिने हुंकार देतं, आवाज काढतं. त्यामुळे आईवडिलांना शंका येत नाही. दीड-दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतं, 'त्याचा मामाही उशिराच बोलला होता.' आणि मौल्यवान काळ निघून जातो. या क्षेत्रात १-३-६ असा एक ठोकताळा आहे. पहिल्या महिन्यात कानांची प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात. तान्ह्या बाळाची चाचणी ते झोपेत असतानाही होते, आणि तिने काही दुखत नाही. मूल 'मंद' ठरवण्याआधी त्याला ऐकू येतं का, हे पाहायला हवं.

दुसरी कडी भाषेची. १८६१ साली पॅरिसमध्ये डॉ. पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाला तपासलं. त्याला इतरांचं बोलणं बरंचसं समजे, पण तोंडातून जवळजवळ एकच शब्द येई, 'तान'. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा आढळली. अर्धांगवायूनंतर काहींना होणारा वाचाघात तो हाच. माणसाचं डोकं फिरलेलं नसतं, त्याची समज संपलेली नसते. शब्दापर्यंत जाणारी वाट तुटलेली असते.

पुस्तकातला हा धडा मी पाठ केला होता. तो समजला इंटर्नशिपमध्ये. सावंतवाडीकडचे एक आजोबा अर्धांगवायूच्या झटक्यानंतर मुंबईला मुलाकडे आले होते. मी त्यांना एकेक चित्र दाखवून नाव विचारत होते. मुलीच्या चित्रापाशी ते बराच वेळ अडले, कपाळावर घाम आला आणि कसाबसा शब्द निघाला. मी वहीत लिहिलं : 'चूक. मुलगीऐवजी चेंडू.' पुढच्या खेपेलाही तेच. तेव्हा शेजारी स्टुलावर बसलेल्या आजी न राहवून म्हणाल्या, 'अगो, बरोबर सांगल्यानी तेंनी! आमच्याकडे मुलीक चेडूच म्हणतत.'

चेडू! मी चेंडू ऐकला होता. एवढ्या कष्टाने त्यांनी वर काढलेल्या अचूक शब्दावर मी दोनदा फुली मारली होती. आमच्या मॅडमनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, 'परीक्षा कुणाची झाली, त्यांची की तुझी?'

मग आजींना बरोबर घेऊन आम्ही चित्रं नव्याने निवडली, शब्द त्यांच्या घरातले घेतले. भाषाशास्त्राचा तास इथे उपयोगी पडला. इंग्रजीतली चाचणी नुसती भाषांतरित करून चालत नाही. मराठीत 'मी आले' आणि 'मी आलो' यांतही भेद आहे, आणि सावंतवाडीची बोली वेगळी, नागपूरची वेगळी. आजोबांचं बोलणं पूर्ववत झालं नाही, हेही सांगायला हवं. पण घरची माणसं थांबायला शिकली. एका वेळी एकानेच बोलायचं, वाक्य लहान ठेवायचं, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असं विचारायचं, खुणांना कमी लेखायचं नाही आणि त्यांचा शब्द आपण घाईने पुरा करायचा नाही. आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर हे आजपासून करता येईल.

या पदवीनंतर इस्पितळं, विशेष शाळा, श्रवणयंत्रांची केंद्रं अशी कामाची ठिकाणं पुष्कळ आहेत. पण बारावीच्या मुलामुलींना मी एक गोष्ट आधीच सांगते. इथे यश सावकाश येतं. एका 'क'साठी महिनाभर बसावं लागतं. 'ताता' म्हणणारं मूल एक दिवस 'काका' म्हणतं, आणि दाराशी उभ्या काकांचे डोळे भरून येतात. तेवढा धीर अंगी असेल, तर जरूर या. बोलायला काय शिकायचं, असं कुणी विचारलंच, तर मी हल्ली त्यांना त्या आजोबांची आणि माझ्या वहीतल्या दोन फुल्यांची गोष्ट सांगते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)